बसेल तेवढंच तळं

शेततळ्याचा कागद पुरला की गप्प असतो. काठावरच्या चरात त्याची कड गाडली, वर माती ओढली, संपलं. कमी पडलेला कागद मात्र वाऱ्यावर फडफडतो, आणि ती फडफड ज्याच्या पैशाची असते त्याला रात्री घरात झोपल्यावरही ऐकू येते. मी ती पहिल्यांदा ऐकली २०१३च्या मे महिन्यात, ईटच्या अलीकडच्या एका शेतात. कागद मी विकलेला, माप मी काढलेलं, खड्डाही माझ्याच आखणीवर खोदलेला. दुसऱ्या कुणाकडं बोट दाखवायची सोयच नव्हती.

भूममध्ये माझं ठिबकच्या नळ्या, पीव्हीसी पाइप आणि शेततळ्याच्या कागदाचं दुकान आहे. हा कागद म्हणजे ५०० मायक्रॉन जाडीचं काळं प्लॅस्टिक. बिलावर त्याला जिओमेम्ब्रेन लिहितात, तोंडानं सगळे कागदच म्हणतात. माझं शिक्षण बारावी सायन्स. गणिताची कधी धास्ती नव्हती, दहावीला त्यातच सगळ्यात जास्त मार्क पडले होते. हे मुद्दाम सांगतोय. पुढची चूक अडाणीपणातून झालेली नाही, शाळेत शिकलेल्या गणितातून झालेली आहे.

२०१२चा पाऊस मराठवाड्याला दगा देऊन गेला होता. २०१३च्या उन्हाळ्यात गावोगाव टँकर, जनावरं छावणीला, आणि ज्याची थोडीफार फळबाग होती तो ती जगवायच्या पाठीमागं. असेच एक तात्या दुकानात आले. डाळिंबाची बाग, विहिरीनं तळ दाखवलेला. पुढच्या पावसात जे पडेल ते धरून ठेवायचं म्हणून त्यांना तळं करायचं होतं. नोटांचं पुडकं काउंटरवर ठेवून म्हणाले, "माझ्याकडं एवढंच हाय. ह्याच्यात किती मोठं तळं बसंल तेवढं सांग." पोकलेनचे पैसे बाजूला काढल्यावर उरलेल्या रकमेत त्या वेळच्या भावानं १,२०० चौरस मीटर कागद बसत होता. जागा बांध आणि ओढा यांच्यामधली, लांबोडकी. लांबी रुंदीपेक्षा दहा मीटर जास्त ठेवली तर जागा वाया जाणार नाही, हे तिथं उभं राहिलं की दिसत होतं.

बिलबुकाच्या मागच्या पानावर मी गणित मांडलं. रुंदी क्ष, लांबी क्ष अधिक १०, दोन्हींचा गुणाकार १,२००. वर्गसमीकरण. गुणाकार १,२०० आणि फरक १० असे दोन आकडे कोणते? ४० आणि ३०. एक उत्तर आलं ३०, दुसरं उणे ४०. उणे चाळीस मीटर रुंदीचं तळं नसतं, म्हणून ते खोडलं. उत्तर इतकं गुळगुळीत निघालं की मला माझंच कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन गुण्या धरला, दोरी ताणली आणि फक्की मारली, ३० बाय ४०. पोकलेननं तीन मीटर खोल खड्डा काढला. कारखान्याला सांगून ३० बाय ४०चा कागद जोडून आणला. आठ माणसांनी तो उलगडला आणि खाली सोडला.

कागद काठापर्यंत आलाच नाही.

का, ते सांगायला फार अक्कल लागत नाही, आधी सुचायला लागते. तळं म्हणजे फरशी नव्हे. त्याच्या कडा उभ्या कापल्या तर पहिल्याच मोठ्या पावसात ढासळतात, म्हणून उतार देतात. एक मीटर खाली गेलं की एक मीटर आत, हा आमच्याकडचा नेहमीचा उतार. तीन मीटर खोल तळ्याची रुंदी वर ३० असेल, तर तळाला २४ उरते. कागदाला तो तळ झाकायचा असतो आणि दोन्ही अंगांचे उतारही चढायचे असतात. तीन मीटर आडवं आणि तीन मीटर उभं, म्हणजे तिरकं सव्वाचारच्या जवळपास. इथं पायथागोरस कामाला येतो. २४ आणि दोन वेळा सव्वाचार, साडेबत्तीस झाले. काठावरच्या चरात दोन्हीकडं एकेक मीटर गाडायला हवा. साडेचौतीस झाले. तीस मीटरच्या तळ्याला साडेचौतीस मीटर कागद, चाळीस मीटरला साडेचव्वेचाळीस. एवढ्या खोलीच्या आणि एवढ्या उताराच्या तळ्याला वरच्या मापात लांबीला साडेचार आणि रुंदीला साडेचार मिळवायचे असतात. मी काहीच मिळवलं नव्हतं.

खोदलेला खड्डा लहान करता येत नाही. उतारावर भराव टाकला तर ती माती दबत जाते आणि कागदाला ताण बसतो. शेवटी उतारातच चारी बाजूंनी एक पायरी कापली, कागदाची कड तिथं गाडली. पाणी तिथपर्यंतच राहणार. हिशेब केला तेव्हा तीन मीटरच्या खड्ड्यात पाणी दीड मीटरही उभं राहत नव्हतं, सुमारे १२ लाख ७० हजार लिटर. तेवढाच १,२०० चौरस मीटर कागद घेऊन खड्डा साडेपंचवीस बाय साडेपस्तीस खोदला असता, तर काठोकाठ २२ लाख लिटर पाणी मावलं असतं. लहान खड्ड्यात नऊ लाख लिटर जास्त! पायरी कापून होईपर्यंतचे चार दिवस तात्या बांधावर बसून कागदाची फडफड ऐकत होते. मला एका शब्दानं बोलले नाहीत. पोकलेनचं बिल मी भरलं, पण त्यानं काय होतंय.

साडेचारचा आकडा तेव्हापासून डोक्यात कोरला गेला. पण गणितातली खरी गाठ सुटली ती सहा वर्षांनी, भाचीमुळं. ती दहावीला आमच्याकडंच होती. एका संध्याकाळी दुकानात बसून वर्गसमीकरणाच्या प्रकरणातलं गणित सोडवत होती. तळवेल गावच्या दिनेशरावांचं शेत. शेताची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा दहा मीटरनं जास्त. पावसाचं पाणी धरायला त्यांनी शेतात चौरस तळं खोदलंय, त्याची बाजू शेताच्या रुंदीच्या एक तृतीयांश, आणि शेताचं क्षेत्रफळ तळ्याच्या वीसपट. मापं काढा. तिनं सरसर काढली. शेत १०० बाय ४५, तळं १५ बाय १५. मी ताळा केला. ४,५०० आणि २२५, बरोबर वीसपट.

त्याच प्रकरणात तिवशाच्या रत्नाकररावांची कांदाचाळही आहे. कर्ण १३, लांबी १२, रुंदी ५. पुस्तक करणाऱ्यांचं मला खरंच कौतुक वाटलं. आमच्या काळात गणितात हौद असायचे, त्यात एक नळ पाणी सोडायचा आणि दुसरा काढून घ्यायचा. असा हौद भूममध्ये मी अजून पाहिलेला नाही. २०१८ साली आलेल्या या पुस्तकात तळं आहे, चाळ आहे. पण धंद्याच्या सवयीनं मी विचारलं, "ह्या दिनेशरावाचा बांध कुठाय? चर कुठाय? कागद किती लागला?" ती म्हणाली, "मामा, ते गणितात न्हाई."

मग मी तिला तात्यांचं गणित घातलं, माझी चूक न सांगता. कागद १,२०० चौरस मीटर, लांबी दहानं जास्त, साडेचार मिळवायचे. तिनं कागदाची रुंदी क्ष धरली, मांडायला घेतलं, आणि पेन थांबवून विचारलं, "बरोबर बाराशेच कशाला? कमी लागला तर चालंल की. तात्यांना कागद संपवायचा होता का तळं करायचं होतं?"

मी सहा वर्षं साडेचार विसरल्याचं दुःख करत होतो. त्याच्याही आधी काहीतरी चुकलं होतं, ते तिनं एका प्रश्नात उघडं पाडलं. तात्यांनी मला १,२०० चौरस मीटरचं तळं मागितलंच नव्हतं. ते म्हणाले होते, 'एवढ्यात किती बसंल'. मी त्या वाक्याचं भाषांतर बरोबरच्या चिन्हात केलं होतं. माणूस मर्यादा सांगत होता, मी तिला लक्ष्य समजलो. एकदा लक्ष्य समजलं की मग डोकं फक्त ते कसं गाठायचं एवढंच बघतं. वाटेत उतार आहे का, चर आहे का, कागद आखडतो का, कशाचीच विचारपूस करत नाही.

गणितात या 'एवढ्यात' साठी खूण आहे. बाणाच्या टोकासारखा कोन आणि त्याच्याखाली एक आडवी रेघ : ≤. इकडची बाजू तिकडच्या बाजूएवढी किंवा तिच्याहून कमी. याला असमानता म्हणतात. वर्तमानपत्रात असमानता म्हटलं की गरीब-श्रीमंत डोळ्यांपुढं येतात, इथं तसलं काही नाही. रोजच्या बोलण्यात हिला आपण 'पर्यंत' म्हणतो, 'मावेल तेवढं' म्हणतो, 'जास्तीत जास्त' म्हणतो. भूम हे खव्याचं गाव. भट्टीवाल्यानं कढईत दूध किती ओतायचं, हे समीकरणानं ठरत नाही. उकळी आल्यावर उतू जाणार नाही, तिथपर्यंत. कढई काठोकाठ भरणारा माणूस भट्टीवर दुसऱ्या दिवशी दिसत नाही.

भाचीनं पुढं सोडवलं ते असं. क्ष गुणिले (क्ष अधिक १०), हे १,२००च्या पुढं जाता कामा नये. सगळं एका बाजूला घेतलं की दोन कंस पडतात, (क्ष − ३०) आणि (क्ष + ४०), आणि त्यांचा गुणाकार शून्याच्या वर जायचा नाही. रुंदी कधी उणे नसते, म्हणून दुसरा कंस कायम अधिकच. मग पहिला कंस शून्य किंवा उणे पाहिजे. म्हणजे क्ष तीसपर्यंत. मला चिन्हांचा भरवसा वाटेना, म्हणून तिनं आकडे घालून दाखवले. २९ घेतलं तर २९ गुणिले ३९, म्हणजे १,१३१. बसतंय. ३० घेतलं तर १,२००. बसतंय, पण नखाएवढीही जागा उरत नाही. ३१ घेतलं तर १,२७१. नाही बसत. कागद तीसपर्यंत, त्यातून साडेचार वजा, तळ्याची रुंदी साडेपंचवीसपर्यंत.

आता इथं शाळेतली दुसरी सवय नडते. साडेपंचवीस आलं, पूर्णांकात लिही म्हटलं की आपण २६ लिहितो. अर्धा किंवा जास्त असेल तर पुढचा आकडा, हे चौथी-पाचवीपासून अंगात भिनलेलं. २६ बाय ३६चं तळं खोदलं तर कागद साडेतीस बाय साडेचाळीस, १,२३५ चौरस मीटर लागतो. पस्तीस कमी. पुन्हा फडफड. 'पर्यंत'च्या गणितात आकडा खालीच धरायचा असतो, वर साडेपंचवीस येवो नाहीतर पंचवीस पूर्णांक नऊ दशांश. २५ बाय ३५ला १,१६५ लागतो आणि पस्तीस चौरस मीटर उरतो. तो वाया जात नाही. हा कागद उन्हात पसरतो आणि थंडीत आखडतो. दुपारी बारा वाजता ताणून बसवला तर रात्रीत आखडून चरातून कड ओढून घेतो. म्हणून तो सकाळी अंथरायचा आणि थोडा ढिला सोडायचा. त्या ढिलेपणाला कागद लागतो, ठिगळाला लागतो. तो कुठून येणार? त्या खालच्या आकड्यातूनच.

(तळ्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो. कागदाच्या तळ्याचा उतार ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. पोरं बुडतात ती यामुळं. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडा आणि कुंपण करा.)

माझं म्हणणं आता सरळ मांडतो. आपल्या दहावीच्या बीजगणितात सहा प्रकरणं आहेत. वर्गसमीकरणं आहेत, अंकगणिती श्रेढी आहे, जीएसटी आणि शेअर आहेत, संभाव्यता आहे. 'पर्यंत'चं गणित नाही. पुढं अकरावी-बारावीत असमानतेची तोंडओळख होते, तीही गणित घेतलेल्यांना. आमच्याकडची कितीतरी पोरं दहावीनंतर गणिताचं तोंड बघत नाहीत. ती गवंडी होतात, पोकलेनवर बसतात, फॅब्रिकेशन टाकतात, पत्र्याचे शेड मारतात, मंडप घालतात. ह्या एकाही धंद्यात गिऱ्हाईक येऊन 'बरोबर इतक्या क्षेत्रफळाचं करा' म्हणत नाही. 'एवढा पत्रा आहे, किती लांबीची शेड होईल', 'एवढ्या जागेत किती मोठा हॉल निघेल', 'एवढ्या पैशात किती'. सरकारची घरकुल योजना तर उलटं 'पर्यंत' लावते. प्रधानमंत्री आवास योजनेतलं गावाकडचं घर किमान २५ चौरस मीटरचं पाहिजे. वरून पैशाची मर्यादा, खालून क्षेत्रफळाची, आणि गवंड्यानं या दोन्हींच्या मधे भिंती उभ्या करायच्या. त्याला आपण शाळेत काय दिलं? एक बरोबरचं चिन्ह, आणि उणे उत्तर खोडायची सवय.

भाचीच्या सरांनी वर्गात सांगितलेली एक गोष्ट तिनं मला सांगितली. बरोबरची दोन आडव्या रेघांची खूण रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या माणसानं १५५७ साली छापली. लहान-मोठ्याचे कोन १६३१ साली हॅरियटच्या पुस्तकात आले. आणि 'एवढं किंवा कमी' दाखवायला त्या कोनाखाली रेघ ओढली पिएर बूगेर या फ्रेंच माणसानं, १७३४ साली. म्हणजे 'बरोबर' पासून 'पर्यंत' पर्यंत यायला शहाण्यासुरत्या लोकांना पावणेदोनशे वर्षं लागली. मला सहा लागली, हे ऐकून जरा हलकं वाटलं.

क्षेत्रफळातली आणखी एक असमानता आहे, ती तर रोज खिशातून पैसे काढते. आमच्याकडं प्लॉट वाकडा असला की माप काढायची रीत ठरलेली आहे. समोरासमोरच्या दोन बाजूंची सरासरी, दुसऱ्या दोन बाजूंची सरासरी, दोन्हींचा गुणाकार. ही रीत फार जुनी. ब्रह्मगुप्तानं इ. स. ६२८ मध्ये तिला स्थूल, म्हणजे ढोबळ, म्हणून बाजूला काढलं होतं. तिचा गुण असा की ती कधीच कमी दाखवत नाही. चौकोन गुण्यात असेल तर अचूक, जरा जरी कलला तरी खऱ्यापेक्षा जास्त. चूक कायम एकाच बाजूला, आणि ती बाजू विकणाऱ्याची.

उदाहरण घ्या. बाजू ४०, ३०, ४०, ३० फूट. टेप धरून चारी बाजू मोजल्या, १,२०० चौरस फूट म्हणून पैसे मोजले. आता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कर्ण मोजा. प्लॉट गुण्यात असेल तर तो ५० फूट भरेल. भरला ४० फूटच, तर जागा १,११२ चौरस फूट आहे. ८८ फूट हवेत गेले. एक लहान स्वयंपाकघर गेलं म्हणा. भास्कराचार्यांनी ११५०च्या लीलावतीत, कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला चक्क पिशाच्च म्हटलंय. आमच्या भागात प्लॉट घ्यायला गेलं की अशी पिशाच्चं भरदिवसा टेप घेऊन उभी असतात. टेपाचं दुसरं टोक आपल्या हातात असतं, कर्णावर धरायला कुणी अडवत नाही. फक्त सुचत नाही, कारण शाळेतला चौकोन कायम गुण्यातच काढलेला असतो.

आता सरकारकडं येतो. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. योजना चांगली होती, माझंही दुकान तिनं उभं केलं, खोटं कशाला बोलू. तिच्यात तळ्यांची सात मापं होती. सगळ्यात मोठं ३० बाय ३० बाय ३ मीटर, सगळ्यात लहान १५ बाय १५ बाय ३, अनुदान जास्तीत जास्त ५० हजार. नंतर योजनेचं नाव बदललं, अनुदानाची मर्यादा ७५ हजारांवर गेली. मापाशी अनुदान बांधायची रीत मात्र तीच राहिली. मोठ्या मापाला जोर देण्यात तथ्य आहे. १५च्या तळ्यात ४४१ घनमीटर पाणी मावतं, ३०च्या तळ्यात २,१९६. बाजू दुप्पट, पाणी जवळजवळ पाचपट. उतार जागा खातो आणि लहान तळ्यात तो जास्त खातो, हे त्या आकड्यांत दिसतं.

पण सातबाऱ्यावर आमच्याकडं चौरस शेत असतं कुणाचं? वाटण्या होतात त्या उभ्या. रस्ता एका टोकाला, ओढा दुसऱ्या टोकाला, आणि प्रत्येक भावाला दोन्ही पाहिजेत. मग दोन एकराचा पट्टा कसा होतो, तर वीस मीटर रुंद आणि चारशे मीटर लांब. त्यात दोन्ही अंगाला बांधाला आणि माणूस चालायला तीन-तीन मीटर सोडा. तळ्याला रुंदी उरली चौदा. यादीतलं सगळ्यात लहान १५ बाय १५सुद्धा एका मीटरनं बसत नाही. शेत आठ हजार चौरस मीटर, आणि तळं बसत नाही!

त्याच पट्ट्यात १४ बाय ४०चं तळं आरामात बसतं. खोली तीन, उतार तोच. पाणी १,२३० घनमीटर, म्हणजे १५ बाय १५च्या पावणेतीनपट. यावर साहेब लोकांचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते चूक नाही. लांबोडक्या आकाराला कागद जास्त लागतो, चौरसाला सगळ्यात कमी. किती जास्त, ते मी मोजलं. १४ बाय ४०ला ८२३ चौरस मीटर. तेवढ्याच तोंडाचं चौरस तळं केलं तर ७९३. तीस चौरस मीटरचा फरक. आणि पाणी चौरसात सुमारे साठ घनमीटर जास्त. एवढ्या तोट्यासाठी तो शेतकरी यादीबाहेर बसवायचा का?

म्हणून मापांची यादी नको. मर्यादा लिहा. तोंडाचं क्षेत्रफळ जास्तीत जास्त इतकं, खोली इतक्यापर्यंत, उतार किमान इतका, बांधापासून अंतर किमान इतकं, आणि अनुदान मावलेल्या पाण्यावर. या चौकटीत लांबी-रुंदी ज्याची त्याला ठरवू द्या. तपासायला येणाऱ्याला टेप आणि फोनमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरतं. पण ही भाषा वाचता यायला वाचणाऱ्याला आणि लिहिणाऱ्यालाही दहावीत ती एक खूण भेटलेली असावी लागते. तोवर दिनेशरावांचं तळं पुस्तकात कायम बरोबर पंधरा बाय पंधरा येणार, बांधाशिवाय.

परीक्षेचं विचाराल तर फार काही बदलायला नको. तोच प्रश्न, शेवटचं वाक्य बदला. 'मापे काढा' ऐवजी 'रुंदी जास्तीत जास्त किती ठेवता येईल, आणि प्रत्यक्षात तुम्ही किती ठेवाल, का?' त्या शेवटच्या 'का'ला दोन गुण ठेवा. तिथं कुणी लिहील कागद आखडतो, कुणी लिहील भिंतीला जाडी असते. पेपर तपासणाऱ्याला त्रास होईल, हे कबूल.

भाची आता पुण्यात शिकते. मागच्या आठवड्यात मी पाथरूडकडच्या एका शेतात आखणीला गेलो होतो. गणित जवळजवळ तात्यांचंच, कागद बाराशेच्या आसपास. मालकाचा मुलगा म्हणाला, "मामा, सव्वीस करा की. अर्ध्या मीटरनं काय व्हतंय?" मी काही बोललो नाही. टेप पंचवीसवर धरला, खुंट्या ठोकल्या, कर्ण दोन वेळा मोजले, फक्की मारली. पोकलेनवाल्या पोरानं यंत्र चालू केलं, बकेट उचलली आणि इंजिनाच्या आवाजात ओरडून विचारलं, "मालक, रेघंच्या आत का भाईर?"

"आत," मी म्हणालो.